आफ्रिकन स्वाइन फीवर आणि डुकराची उपजत प्रतिकारशक्ती: विषाणूची जनुके काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पशुवैद्यक विद्यार्थी, प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू करणारे संशोधक आणि खोलात जाऊन समजून घेऊ इच्छिणारे वराहपालक यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू घेतला आहे. डुकराच्या संरक्षणयंत्रणेला इतक्या ठिकाणी आडवी येणारी जनुके फार थोड्या विषाणूंकडे असतात.

हा विषाणू कसा आहे?

मोठा, आवरण असलेला, दुहेरी धाग्याच्या डीएनएचा विषाणू. त्याचा जनुकसंच साधारण १७० ते १९० किलोबेस (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरे) लांब असतो आणि त्यात दीडशेहून अधिक जनुके असतात. तुलनेसाठी, क्लासिकल स्वाइन फीवर या डुकरांच्याच दुसऱ्या रोगाच्या विषाणूचा आरएनए जेमतेम १२.३ किलोबेसचा आहे. मॉन्टगोमेरी यांनी १९२१ साली केनियातून या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन केले. सध्या आशियात पसरलेला जीनोटाइप २ (जीनोटाइप म्हणजे विषाणूचा जनुकीय गट) हा २००७ मध्ये जॉर्जियात आला, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये सापडला आणि २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात पोचला. माणसाला त्याची लागण होत नाही.

जीनोटाइप कसा ठरवतात?

बी६४६एल या जनुकाच्या शेवटच्या तुकड्याच्या क्रमावरून. हे जनुक पी७२ हे कवचप्रथिन तयार करते. मात्र जीनोटाइपवरून रोगाची तीव्रता कळत नाही. एकाच जीनोटाइपमध्ये जीवघेणे आणि सौम्य असे दोन्ही विषाणू सापडतात, आणि फरक बहुधा प्रतिकारशक्तीला अडवणाऱ्या जनुकांत असतो.

उपजत प्रतिकारशक्ती म्हणजे इथे नेमके काय?

प्रतिपिंडे आणि टी-पेशी कामाला लागायला काही दिवस जातात. त्याआधी, पहिल्या काही तासांत, संसर्ग झालेली पेशी स्वतःच धोका ओळखते. पेशीद्रवात डीएनए दिसणे ही तिच्यासाठी अनैसर्गिक गोष्ट आहे. सी-गॅस नावाचे प्रथिन या डीएनएला चिकटते आणि सीगॅम्प नावाचा छोटा संदेशरेणू तयार करते. तो रेणू स्टिंग या प्रथिनाला जागे करतो, स्टिंग टीबीके१ ला, टीबीके१ आयआरएफ३ ला. फॉस्फेट लागलेले आयआरएफ३ केंद्रकात जाऊन इंटरफेरॉन-बीटा या विषाणूविरोधी संदेशप्रथिनाचे जनुक चालू करते. त्याच वेळी एनएफ-कॅपा-बी हा दुसरा मार्ग दाहजनक सायटोकाइन, म्हणजे पेशींमधली संदेशप्रथिने, तयार करवतो.

बाहेर पडलेला इंटरफेरॉन शेजारच्या पेशींवर बसतो. तिथे जॅक१, टिक२, स्टॅट१, स्टॅट२ अशी दुसरी साखळी चालते आणि शेकडो विषाणूविरोधी जनुके जागी होतात. म्हणजे अडवण्याजोगी ठिकाणे दोन: इंटरफेरॉन तयार होण्याआधी आणि तो तयार झाल्यानंतर. हा विषाणू दोन्हीकडे अडवतो.

मॅक्रोफेजच का?

कारण विषाणूची मुख्य वाढ मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या रोगजंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये होते. ज्या पेशीने धोक्याची सूचना द्यायची, तीच त्याचे घर. सीडी१६३ हा मॅक्रोफेजवरचा ग्राहक काढून टाकलेली डुकरे पीआरआरएस (डुकरांचा प्रजनन व श्वसनरोग) विषाणूला दाद देत नाहीत, पण आफ्रिकन स्वाइन फीवरची लागण त्यांना नेहमीसारखीच होते. ‘रोगप्रतिरोधक डुक्कर’ अशी बातमी वाचली की कोणत्या विषाणूला प्रतिरोधक, हे आधी पाहावे.

कोणते जनुक कोणती कडी तोडते?

सी-गॅसपासून सुरुवात केली तर ईपी३६४आर आणि सी१२९आर ही प्रथिने सीगॅम्प हा संदेशरेणूच फोडतात. पुढची कडी स्टिंग. एमजीएफ-५०५-७आर (एमजीएफ म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात) ते पेशीच्या स्वच्छतायंत्रणेमार्फत नष्ट करवते. टीबीके१ वर डीपी९६आर आणि ए१३७आर काम करतात. आयआरएफ३ ला ई१२०आर चिकटून बसते, तर एमजीएफ-३६०-१४एल ते नष्ट होण्याच्या वाटेला लावते. एनएफ-कॅपा-बीच्या बाजूला एमजीएफ-३६०-१२एल त्याला केंद्रकात नेणाऱ्या प्रथिनांशी जुळू देत नाही. आय३२९एल हे टीएलआर३ या आरएनए ओळखणाऱ्या संवेदकाचा मार्ग बंद करते.

इंटरफेरॉन तयार झाल्यानंतरच्या टप्प्यात एमजीएफ-३६०-९एल हे स्टॅट१ आणि स्टॅट२ दोन्ही घटवते. एमजीएफ-५०५-७आर इथेही दिसते. ते जॅक१ व जॅक२ वर परिणाम करून इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश कमकुवत करते.

ए२३८एल वेगळ्या उल्लेखाला पात्र आहे. ते पेशीच्या स्वतःच्या आयकॅपाबी या रोधक प्रथिनासारखे दिसते, एनएफ-कॅपा-बीला पकडते आणि शिवाय कॅल्सिन्यूरिन हे दुसऱ्या संदेशमार्गातले विकरही रोखते. एकाच छोट्या प्रथिनाने दोन स्वतंत्र मार्ग दाबले जातात.

ही यादी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट ध्यानात ठेवणे महत्त्वाचे. यांतली बरीच कामे प्लाझ्मिडमधून (पेशीत टाकलेल्या गोल डीएनएमधून) एकच प्रथिन प्रचंड प्रमाणात तयार करवून दाखवलेली आहेत. खऱ्या संसर्गात ते प्रथिन किती आणि केव्हा तयार होते, यावर त्याचे वजन ठरते. जनुकाची खरी किंमत ते काढलेला विषाणू डुकरात तपासल्यावरच कळते.

एमजीएफ म्हणजे काय?

मल्टिजीन फॅमिली, म्हणजे एकाच मूळ जनुकाच्या अनेक प्रती होऊन बनलेली कुटुंबे: १००, ११०, ३००, ३६० आणि ५०५. आकडे प्रथिनाच्या सरासरी लांबीचे आहेत. ती जनुकसंचाच्या दोन्ही टोकांना असतात आणि त्यांची संख्या विषाणूगणिक बदलते.

तीव्र आणि सौम्य विषाणूंत हा फरक पेशीत दिसतो का?

दिसतो, आणि स्पष्ट दिसतो. आर्मेनिया/०७ हा जीवघेणा विषाणू मॅक्रोफेजमध्ये सी-गॅस–स्टिंग मार्ग जागा होऊ देत नाही. इंटरफेरॉन-बीटा जवळजवळ तयारच होत नाही. एनएच/पी६८ हा सौम्य विषाणू त्याच पेशींत तोच मार्ग जागा करतो आणि इंटरफेरॉन तयार होतो.

मग आजारी डुकराच्या रक्तात इंटरफेरॉन-अल्फा भरपूर कसा सापडतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. उत्तर पेशीच्या प्रकारात आहे. संसर्ग झालेला मॅक्रोफेज गप्प असतो, पण प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी वेगळ्या संवेदकांनी विषाणू ओळखून मोठ्या प्रमाणात इंटरफेरॉन-अल्फा सोडू शकतात. तो येतो तोवर विषाणू रक्तात पसरलेला असतो, आणि ज्या पेशींवर त्याने काम करायचे त्यांच्यातला स्टॅटचा मार्ग आधीच अधू झालेला असतो. म्हणून ‘विषाणू इंटरफेरॉन दाबतो’ हे वाक्य कोणत्या पेशीत आणि किती तासांनी, हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे. रक्तातील इंटरफेरॉन जास्त दिसला म्हणून डुक्कर बरे होत आहे असेही समजू नये.

संसर्ग झालेली पेशी लगेच मरून विषाणूची वाढ का थांबवत नाही?

कारण तेही रोखले जाते. ए१७९एल हे बीसीएल-२ कुटुंबासारखे प्रथिन पेशीचा स्वमृत्यू लांबवते, ए२२४एल स्वमृत्यू घडवणाऱ्या कॅस्पेज विकराला अडवते, डीपी७१एल हे ईआयएफ२-अल्फावरचा फॉस्फेट काढवून प्रथिननिर्मिती चालू ठेवते. एस२७३आर हे विषाणूचे प्रोटीएज गॅसडर्मिन-डी चुकीच्या जागी कापते, त्यामुळे पेशीला भोके पाडून दाह पसरवणारा मृत्यू टळतो.

याच्या उलट, ज्यांना संसर्गच झालेला नाही अशा लिम्फोसाइट पेशी प्लीहा आणि लसीका ग्रंथींत मोठ्या संख्येने मरतात. कारण मॅक्रोफेजनी सोडलेले टीएनएफ-अल्फासारखे सायटोकाइन. सुरुवातीला गप्प आणि शेवटी बेताल, असा हा दाह आहे. ताप, रक्तस्राव आणि प्लीहा काळी पडून फुगणे यांत त्याचा मोठा वाटा असतो.

आफ्रिकेतल्या वॉर्टहॉगला काही का होत नाही?

वॉर्टहॉग आणि ऑर्निथोडोरोस जातीच्या मऊ गोचिड्या हे विषाणूचे जुने घर. वॉर्टहॉगमध्ये विषाणू वाढतो, पण रोग दिसत नाही. एनएफ-कॅपा-बीचा भाग असलेल्या रेला या प्रथिनात वॉर्टहॉग आणि पाळीव डुक्कर यांच्यात मोजके फरक आहेत, म्हणून ए२३८एलचा परिणाम तिथे वेगळा होत असावा अशी कल्पना पुढे आली. मग जनुकसंपादनाने वॉर्टहॉगचे ते तुकडे पाळीव डुकरात बसवले गेले. त्या डुकरांनाही रोग झाला. कल्पना सुंदर होती, पण एका जनुकाने हा फरक समजावता येत नाही.

जनुक काढले की विषाणू सौम्य होतो का?

कधी होतो, कधी नाही. कधी इतका सौम्य होतो की उपयोगच उरत नाही. चार उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

जॉर्जिया २००७ विषाणूतून एमजीएफ-३६० ची १२एल, १३एल, १४एल आणि एमजीएफ-५०५ ची १आर, २आर, ३आर अशी सहा जनुके काढली तेव्हा विषाणू सौम्य झाला आणि टोचलेली डुकरे मूळ विषाणूपासून वाचली.

त्याच विषाणूतून ९जीएल हे जनुक काढले तर कमी मात्रेत तो सौम्य राहिला, पण मात्रा वाढवताच डुकरे आजारी पडली. ९जीएल सोबत डीपी९६आर काढल्यावर सुरक्षितता वाढली आणि संरक्षणही टिकले.

मग ९जीएल आणि एमजीएफ दोन्ही एकत्र काढून पाहिले. विषाणू अत्यंत सौम्य झाला, पण संरक्षण मिळाले नाही. तो डुकरात पुरेसा वाढतच नाही, मग प्रतिकारशक्तीला ओळख कशाची पटणार? ‘जितकी जनुके काढू तितकी लस चांगली’ ही समजूत इथे कोसळते.

चौथे उदाहरण ईपी४०२आर, म्हणजे सीडी२व्ही. बीए७१ विषाणूतून ते काढल्यावर विषाणू सौम्य झाला. जॉर्जिया विषाणूतून काढल्यावर झाला नाही. एका विषाणूवरचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. कोणी ‘हे जनुक तीव्रतेचे आहे’ म्हणाले की पहिला प्रश्न असावा: कोणत्या विषाणूत?

लस आहे का?

व्हिएतनाममध्ये जनुक काढलेल्या जिवंत लसी वापरात आल्या. त्यांतली एक आय१७७एल काढलेल्या जॉर्जिया विषाणूवर आधारित आहे, दुसरी वर सांगितलेल्या सहा एमजीएफ जनुकांच्या वगळण्यावर. आय१७७एल काढलेला विषाणू मूळ प्रयोगात १०० पासून १० लाख एचएडी५० (विषाणू मोजण्याचे एकक) पर्यंतच्या मात्रेत टोचूनही डुकरे निरोगी राहिली होती. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये काही ठिकाणी लसीकरणानंतर डुकरे दगावल्याने तिथे वापर तात्पुरता थांबवावा लागला. शिफारस नसलेल्या वयाच्या किंवा गाभण डुकरांत वापर झाला की प्रयोगात दिसलेल्या सुरक्षिततेची हमी राहत नाही. मे २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने या लसींसाठी पहिले आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले.

चोरट्या मार्गाने आलेली लस वापरू नये. चीनमध्ये एमजीएफ आणि सीडी२व्ही जनुके नसलेले विषाणू शेतांवर सापडले आहेत, आणि जीनोटाइप १ व २ यांचे संकर झालेले जीवघेणे विषाणूही. दोन जिवंत विषाणू एकाच डुकरात भेटले की जनुकांची अदलाबदल होऊ शकते. शिवाय सौम्य विषाणूमुळे रोगाची लक्षणे धूसर होतात आणि उद्रेक उशिरा लक्षात येतो.

प्रयोगासाठी मॅक्रोफेज कसे मिळवावेत?

चार ते आठ आठवड्यांच्या निरोगी पिलाचे फुप्फुस नैतिक मंजुरीसह, श्वासनलिका बांधून, निर्जंतुकपणे काढतात. थंड पीबीएस (क्षारांचे द्रावण) आत सोडून, हलके चोळून, बाहेर घेतात, तीन-चार वेळा. द्रव दुहेरी जाळीच्या कापडातून गाळून ४०० जी वेगाने ४ अंशांवर १० मिनिटे फिरवतात. तांबड्या पेशी असतील तर अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने फोडाव्यात. पेशी आरपीएमआय-१६४० या वाढमाध्यमात, ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेल्या १० टक्के गर्भवासरू सीरमसह, दर मिलिलिटरला १० लाख या प्रमाणात ठेवाव्यात. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन-चार तासांनी न चिकटलेल्या पेशी धुवून टाकाव्यात.

बिघडते ते असे. फुप्फुसात मायकोप्लाझ्मा किंवा पीआरआरएस विषाणू आधीच असेल तर पेशी प्रयोगाआधीच जाग्या झालेल्या असतात. म्हणून प्रत्येक बॅच पीसीआरने तपासावी. माध्यमात किंवा प्लाझ्मिडमध्ये एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) असेल तर टीएनएफ-अल्फा विषाणूशिवायच वर जातो. आणि एकाच डुकराच्या पेशींवरून निष्कर्ष काढू नये. डुकराडुकरांतला फरक मोठा असतो, किमान तीन वेगळ्या प्राण्यांच्या पेशी घ्याव्यात. एकाच डुकराच्या पेशींच्या तीन विहिरी (थाळीतले खळगे) म्हणजे तीन नमुने नव्हेत.

विषाणूची मात्रा आणि वेळ कशी ठरवावी?

इंटरफेरॉनचा प्रश्न असेल तर दर पेशीमागे १ ते ५ संसर्गक्षम कण घ्यावेत, म्हणजे बहुतेक पेशी एकदम संसर्गित होतात. वाढीचा आलेख काढायचा असेल तर ०.०१. एमआरएनएसाठी ४, ८, १२ तास, स्रवलेल्या प्रथिनासाठी २४ तास हे चांगले टप्पे आहेत. सोबत चार तुलना हव्यात: विषाणूशिवायची पेशी, निष्क्रिय केलेला विषाणू, मूळ विषाणू आणि काढलेले जनुक परत बसवलेला विषाणू. शेवटची तुलना सर्वाधिक वेळा गाळली जाते. तिच्याशिवाय परिणाम त्या जनुकाचा की वाटेत झालेल्या दुसऱ्या उत्परिवर्तनाचा, हे सांगता येत नाही.

सीडी२व्ही काढलेल्या विषाणूची मोजणी शून्य का येते?

एचएडी५० ही मोजणी डुकराच्या तांबड्या पेशी संसर्गित मॅक्रोफेजभोवती चिकटण्यावर अवलंबून आहे, आणि चिकटवणारे प्रथिन सीडी२व्हीच आहे. ते काढले की विषाणू असूनही गुच्छ दिसत नाहीत. अशा वेळी पी३० किंवा पी७२ विरुद्धच्या प्रतिपिंडाने इम्युनोफ्लुरोसन्स करून मोजावे, आणि तुलनेचा मूळ विषाणूही त्याच पद्धतीने मोजावा.

इंटरफेरॉनचा आरटी-क्यूपीसीआर भलतेच आकडे देतो. का?

इंटरफेरॉन-अल्फा आणि बीटाच्या जनुकांत इंट्रॉन नसतात. त्यामुळे प्रायमर कसेही आखले तरी नमुन्यात राहिलेला पेशीचा डीएनए एमआरएनएसारखाच वाढतो. डीएनेजची प्रक्रिया आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी, दोन्ही अनिवार्य. दुसरे, डुकरात इंटरफेरॉन-अल्फाची डझनाहून अधिक जनुके आहेत; प्रायमर कोणती पकडतो ते नोंदवावे. तिसरे, संसर्गात पेशीचे स्वतःचे एमआरएनए घसरतात, म्हणून बीटा-ॲक्टिनवर एकट्यावर विसंबू नये. निदान दोन संदर्भ जनुके आधी तपासून घ्यावीत.

लुसिफरेज चाचणीत नेहमी काय चुकते?

जनुक चालू झाल्याचे प्रकाश देणाऱ्या विकरावरून मोजणारी ही चाचणी बहुधा मानवी एचईके२९३टी पेशींत करतात. त्यांत सी-गॅस आणि स्टिंग फारच कमी असतात. म्हणून नुसता डीएनए टाकून मार्ग जागा होत नाही. दोन्हींची प्लाझ्मिडे सोबत द्यावी लागतात, आणि ती शक्यतो डुकराची असावीत. २४ विहिरींच्या थाळीत इंटरफेरॉन-बीटा रिपोर्टर १०० नॅनोग्रॅम, रेनिला (तुलनेसाठीचे दुसरे प्रकाश देणारे विकर) १० नॅनोग्रॅम, विषाणूचे जनुक चढत्या मात्रेत, आणि प्रत्येक विहिरीत एकूण डीएनए रिकाम्या प्लाझ्मिडने समान करावा. २४ तासांनी वाचन.

रेनिलाचा आकडा स्वतंत्रपणे पाहावा. विषाणूचे प्रथिन पेशीला विषारी असेल तर दोन्ही आकडे पडतात आणि गुणोत्तर फसवते. मार्गात प्रथिन कुठे अडवते हे शोधायला स्टिंग, टीबीके१ आणि कायम जागे राहणारे आयआरएफ३-५डी असे एकेक पायरी खाली जात मार्ग चालू करावा. आयआरएफ३-५डी दिल्यावरही अडथळा दिसला तर लक्ष्य त्याच्या खाली किंवा तेच आहे.

जनुक काढलेला विषाणू कसा तयार करतात?

जनुकाच्या दोन्ही बाजूंचे साधारण १ किलोबेसचे तुकडे आणि मध्ये पी७२ प्रवर्तकाखाली चमकणारे प्रथिन असे प्लाझ्मिड मॅक्रोफेजमध्ये टाकतात, मग मूळ विषाणूने संसर्ग करतात. चमकणाऱ्या पेशी निवडून, विरलन करत, अनेक फेऱ्यांत शुद्धी करतात. मूळ जनुकाचा पीसीआर पूर्ण ऋण येईपर्यंत थांबू नये, आणि शेवटी पूर्ण जनुकसंचाचे अनुक्रमण करावेच.

मॅक्रोफेज मिळवणे कठीण म्हणून व्हेरो या माकडाच्या पेशींत विषाणू वाढवण्याचा मोह होतो. व्हेरोत रुळवलेल्या बीए७१व्ही विषाणूने एमजीएफची अनेक जनुके गमावली आहेत. म्हणजे जी जनुके अभ्यासायची तीच वाटेत हरवतात.

इतर डुक्कर-विषाणूही असेच करतात का?

क्लासिकल स्वाइन फीवर विषाणूकडे एनप्रो हे प्रथिन आहे. ते आयआरएफ३ ला धरून प्रोटिएझोम या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडे पाठवते. त्याचेच ईआरएनएस प्रथिन बाहेरचा आरएनए कापते. पीआरआरएस विषाणूचे एनएसपी१-अल्फा हे सीबीपी या सहकारी प्रथिनाला घटवते, एनएसपी२ युबिक्विटिन ही प्रथिनांवर लागणारी खूण सोडवते, एनएसपी११ आरएनए कापते. वाट वेगवेगळी, रोख मात्र पुन्हा पुन्हा आयआरएफ३ कडेच.

भारतात हे काम कुठेही करता येते का?

जिवंत विषाणूवर नाही. त्यासाठी उच्च जैवसुरक्षा लागते. भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था अशा नमुन्यांची पुष्टी करते. प्लाझ्मिडमधून एकेका जनुकाचे काम मात्र संस्थात्मक जैवसुरक्षा समितीच्या मंजुरीने साध्या पेशीप्रयोगशाळेत होऊ शकते.

प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर किंवा औषध दिल्याने डुक्कर वाचेल का?

नाही. अडथळा संसर्गित पेशीच्या आत, संदेशसाखळीत आहे. खाद्यातून दिलेले जीवनसत्त्व किंवा वनौषधी तो दूर करत नाही. शेतावर विषाणू येऊ न देणे हाच उपाय.

हॉटेल-खानावळीचे उष्टे खाऊ घालू नये. विषाणू ६० अंशांवर २० मिनिटांत किंवा ५६ अंशांवर ७० मिनिटांत निष्क्रिय होतो, पण मांसाच्या तुकड्याच्या मधल्या भागापर्यंत ते तापमान पोचायला हवे, आणि तिथेच बहुतेक वेळा कमी पडते. जागा आधी घासून शेण-माती काढावी, मग जंतुनाशक: १००० भागांत ८ भाग सोडियम हायड्रॉक्साइड किंवा २.३ टक्के क्लोरीन असलेले हायपोक्लोराइट, ३० मिनिटे ओले ठेवून. घाणीवर ओतलेले जंतुनाशक वाया जाते.

४१ अंशांच्या आसपास ताप, कानांवर-पोटावर लाल-जांभळे चट्टे आणि अचानक मृत्यू दिसले तर शवविच्छेदन स्वतः करू नये. रक्त सांडले की विषाणू पसरतो. पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवावे. पशुवैद्य ईडीटीए नळीत रक्त घेतील. हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. मेलेल्या डुकराची प्लीहा, लसीका ग्रंथी, टॉन्सिल आणि मूत्रपिंडाचे तुकडे तिहेरी वेष्टनात, बर्फावर, पण न गोठवता पाठवतात. क्लासिकल स्वाइन फीवर हुबेहूब असाच दिसतो. त्याची लस दिलेली असली तरी आफ्रिकन स्वाइन फीवरपासून संरक्षण मिळत नाही, आणि दोन्हींतला फरक फक्त प्रयोगशाळा सांगू शकते.